सोयऱ्यांचे बिनचामड्याचे बूट

हसा, हसा! पण आधी ऐकून तर घ्या. स्वतःचं नाक स्वतः कापून घेणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी मात्र पाहुण्यांना खुर्च्या टाकून, कात्री मागवून, वर काडी ओढून कापलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, त्यातला प्रकार.

गुलमंडीवर माझं चपला-बुटांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. मूळचा मी शेतकऱ्याचा पोरगा. सासऱ्यांनी दुकान हातात दिलं आणि मी गल्ल्यावर बसलो. माझा एकुलता एक लेक निखिल चिकलठाण्याला कंपनीत आहे. मागच्या वर्षी त्यानं घरी येऊन सांगितलं, कंपनीतलीच एक मुलगी आहे, सई देशमुख, लग्न करीन तर तिच्याशीच.

आम्हाला काय? आम्ही खूश. मग हळूच म्हणाला, "सई व्हेगन आहे."

"म्हणजे जैन का रे?" बायकोनं विचारलं.

"नाही गं आई. मटण नाही, अंडं नाही, दूध नाही, तूप नाही, मध नाही, रेशीम नाही, चामडं नाही."

बायकोचं माहेर पैठणचं. दूध-तूप तिनं मुकाट्यानं गिळलं, पण रेशमापाशी अडकली. "रेशीम नाही? म्हणजे पैठणी नाही? अरे, मग लग्नात काय टॉवेल गुंडाळून उभी राहणार व्हय ती?"

मी चामड्यापाशी अडकलो. सून चामड्याला शिवत नाही आणि सासरा बूटवाला! आता बोला.

पुढं ऐका. सईच्या वडलांनी, म्हणजे देशमुखसाहेबांनी, लेकीच्या शब्दाखातर चामडं सोडलेलं. पाटबंधारे खात्यातला रिटायर इंजिनिअर, चांगला सहा फूट माणूस, आणि दोन वर्षं झाली, कोट घालो की सफारी, पायात आपले शाळकरी पोरांचे पांढरे पीटीचे बूट! साखरपुड्याला तरी काळे, चकचकीत, ऐटबाज बूट असावेत अशी त्यांची लई इच्छा. बापलेकीनं अख्खं शहर पालथं घातलं. निराला बाजार झाला, कॅनॉट झालं. जे बूट बिनचामड्याचे, ते दवाखान्यातल्या सिस्टरच्या पायातले वाटायचे. जे ऐटबाज, ते चामड्याचे निघायचे.

निखिल म्हणाला, "बाबा, ते रविवारी आपल्या दुकानात येतायत. बूट असले तर दाखवा, नसले तर नाही म्हणा. पण खोटं बोलू नका. त्यांनी अजून होकार दिलेला नाही."

"का बरं?"

"मोठ्या मुलीच्या वेळी सोयऱ्यांनी मुलाचं शिक्षण खोटं सांगितलं होतं. तेव्हापासून ते एकच म्हणतात, मुलगा कसाही चालेल, घर खरं पाहिजे. बाबा, माझं सगळं तुमच्या हातात आहे."

पोराचे डोळे भरून आले होते हो! मला पण भरून आलं. आणि खरं सांगतो, त्याच वेळी मनात लाडूही फुटला. का? तर माझं एक गुपित होतं.

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो तो काळा साहेबी बूट. आत सोनेरी स्टिकर, 'अस्सल लेदर'. तो माल येतो फक्रुद्दीनभाईकडनं. शहागंजच्या मागं त्याचा घरगुती कारखाना आहे. वीस वर्षं झाली, हा माणूस माल टाकतो, छातीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "असली चमडा है सेठ." आणि भाव असा सांगतो की बाजारात कुणी सांगणार नाही. आता तुम्हीच सांगा, एवढ्या भावात चामडं? ह्याला म्हशी काय ओवाळणीत मिळतात? मी काय दूधखुळा आहे? पहिल्याच दिवशी ओळखलं मी, की हे रेक्झिन आहे! पण बोललो नाही. फक्त डोळा मिचकावला. म्हटलं, तू मला फसव, मी गिऱ्हाइकाला फसवतो, चालू दे. ते सोनेरी स्टिकर मीच छापून आणले आणि मीच चिकटवत बसायचो.

तुम्ही म्हणाल, बूटवाल्याला चामडं ओळखता येत नाही? अहो, एकदा डोक्यात बसलं ना की रेक्झिन आहे, की बोटांनाही रेक्झिनच लागतं. मी स्वतः तो बूट कधी पायात घातला नाही. मी मुंबईला जाऊन मोठ्या शोरूममधनं पाचपट पैसे मोजून अस्सल चामड्याचे बूट आणले होते. मालकानं गिऱ्हाइकाचा माल वापरायचा नसतो, असं माझं तत्त्व!

तर रविवारी सकाळी देशमुखसाहेब आले, सई आली, निखिल आला. आणि नेमके त्याच वेळी लोमटे गुरुजी पण दुकानात. रिटायर विज्ञानाचे मास्तर, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. माझा साहेबी बूट सोडून दुसरा बूट ठाऊक नाही त्या माणसाला. नाड्या घ्यायला आले होते आणि पेपर वाचत बसले होते.

आता यांच्यासमोर कसं सांगणार, की तुमच्या पायात वीस वर्षं रेक्झिन आहे? मी पाहुण्यांना मागच्या गोदामात नेलं. कोरा चहा मागवला. पडदा ओढला. आवाज बारीक केला.

"साहेब, तुम्ही उगाच गावभर हिंडलात. आमच्याकडं ढीग लागलाय." आणि नऊ नंबरचा साहेबी बूट काढून हातात ठेवला.

साहेबांचा चेहरा असा फुलला म्हणता! "वा! काय झळाळी आहे! सई, हे बघ."

सईनं बूट उलटा केला आणि आतला स्टिकर वाचला. "काका, यावर तर अस्सल लेदर लिहिलंय."

"ते खोटं आहे," मी अभिमानानं म्हणालो.

"खोटं?"

"एकदम खोटं! मीच चिकटवलाय." मी खोकं उघडून स्टिकरची गुंडाळी दाखवली. "हे बघा, एवढे शिल्लक आहेत. सई बेटा, या दुकानापायी आजवर एका जनावराचा केस वाकडा झालेला नाही. आपण पहिल्यापासून जीवदयावाले!"

निखिलनं कपाळावर हात मारला. साहेबांच्या भुवया चढल्या. "म्हणजे तुम्ही गिऱ्हाइकांना खोटं सांगता?"

"गिऱ्हाइकाला सांगतो, साहेब. सोयऱ्याला नाही!"

मला वाटलं, काय बोललो! वा रे मी! पण सईच्या कपाळावरची आठी जाईना. "काका, राग मानू नका. पण जो माणूस स्टिकरवर खोटं लिहितो, त्याच्या तोंडावर कसा विश्वास ठेवायचा?"

पोराकडं पाहिलं. त्याचा चेहरा उतरून पार बुटाच्या रंगाचा झालेला. म्हटलं, आता पुरावाच देतो.

"काडेपेटी आण रे देवाजवळची! आणि कात्री. साहेब, आता डोळ्यांनी बघा. रेक्झिन जळलं की वितळतं आणि काळा थेंब पडतो. चामडं जळलं तर केस जळल्यासारखा वास येतो. ही आमच्या धंद्यातली परीक्षा आहे."

बुटाची जीभ असते ना, नाड्यांच्या खाली, तिचा तुकडा कापला. चिमट्यात धरला. काडी ओढली.

थेंब काही पडेना. वास मात्र आला. केस जळल्याचा.

मला वाटलं, माझी मिशीच पेटली! खरं सांगतो, आधी मी मिशी चाचपली. मिशी जागेवर होती.

"हा जोड खराब निघाला," मी म्हणालो. "हजारात एखाद्याला चुकून चामडं लागतं." दुसरा घेतला. कापला, पेटवला. तोच वास. तिसरा. चौथा. गोदामात धूर झाला, साहेब खोकायला लागले, सईनं ओढणी नाकाला लावली. मी आपला खोक्यामागून खोकी फोडतोय आणि ओरडतोय, "असं होऊच शकत नाही! रेक्झिन आहे! आईशप्पथ रेक्झिन आहे! वीस वर्षं मी लोकांना रेक्झिन विकलंय!"

पडदा बाजूला झाला. पडद्यात लोमटे गुरुजी उभे.

"काय विकलंय?" गुरुजी म्हणाले.

आता काय सांगणार, कपाळ? ज्या गुरुजींना वीस वर्षं खरा माल दिला, त्यांच्यासमोर मी फसवल्याची कबुली देऊन बसलो. ज्या सोयऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगायला गेलो, ते खोटं निघालं. तेलही गेलं, तूपही गेलं. हातात सात जोडांच्या कापलेल्या जिभा राहिल्या.

गुरुजींनी शांतपणे एक तुकडा उचलला, हुंगला. "चामडं आहे. उत्तम चामडं आहे. मला कधी शंका नव्हती. तुम्हाला होती का?"

मी तडक फक्रुद्दीनभाईला फोन लावला. निखिलनं तो स्पीकरवर टाकला.

"फक्रुद्दीनभाई, खरं सांगा! साहेबी बूट कशाचा आहे?"

"चमडे का है सेठ. बीस साल से बोल रहा मैं. कायकू, क्या हुआ?"

"अहो, मग एवढा स्वस्त कसा?"

"घर का काम है. मैं, बेगम, दोनों भाई. कारीगर नै, भाडा नै. आप तो कब्बी कारखाना देखनेकू आये नै."

"पण मी दरवेळी डोळा मिचकावायचो की!"

"वो... मैं समझा, सेठ की आंख में कुछ तकलीफ है. बेगम तो आपके लिए दुवा भी मांगती थी."

देशमुखसाहेबांना हसू आवरेना, त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. पण फक्रुद्दीनभाईचा आवाज एकदम बदलला. "मतलब सेठ, आप बीस साल मेरेकू झूटा समझ के माल ले रे थे?"

काय सांगू तुम्हाला, पायाखालची जमीन सरकली. हा माणूस दर ईदला माझ्या घरी शिरखुर्म्याचा डबा पाठवतो. मी म्हणालो, "फक्रुद्दीनभाई, माझं चुकलं. लई चुकलं. आज संध्याकाळी घरी येऊन पाय धरतो." तो बिचारा म्हणाला, "पांव नक्को सेठ, चाय पीनेकू आओ," आणि फोन ठेवला. मला लाज वाटली हो, खरंच वाटली. मी खाली मान घालून स्टुलावर बसलो.

निखिल हळूच म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी आम्ही दुसरीकडं बघतो बूट."

तो बुटांचं बोलत होता, पण त्याचा आवाज सोयरीक मोडल्यासारखा. पोराचा संसार मी काडीनं पेटवून दिला होता.

तेवढ्यात गुरुजी बोलले. मास्तर माणूस, प्रयोग अर्धा सोडवत नाही. "भाऊसाहेब, सगळे जोड झाले. एकच राहिला. तुमच्या पायातला काढा."

"ह्याला नाही हां गुरुजी! हा मुंबईचा आहे. पाचपट पैसे मोजलेत. ह्याच्यात शंकाच नाही."

"शंका तर साहेबी बुटातही नव्हती."

मी पायातला एक बूट काढून पुढं केला. गुरुजींनी अगदी हलक्या हातानं जिभेचं टोक कापलं, चिमट्यात धरलं आणि काडी लावली.

टप्पकन काळा थेंब फरशीवर पडला.

गुरुजी वाकले, थेंब निरखला आणि वर्गात सांगावं तसं म्हणाले, "प्लॅस्टिक."

आधी निखिल हसला. मग साहेब. मग गुरुजींना एवढा ठसका लागला की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. मी एका पायात बूट, एका पायात मोजा, असा मधोमध उभा. हसू का रडू ते कळेना. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर बैलानं बूट पण नेले!

साहेबांनी माझा काढलेला बूट उचलला. फिरवून फिरवून पाहिला. "काळा आहे. ऐटबाज आहे. चामड्याचा नाही. सई, हेच तर आपण शोधत होतो की!" आणि मला विचारायच्या आत पांढरे पीटीचे बूट सोडून त्यांनी पाय घातला. नंबर नऊ. मापात! आरशासमोर जाऊन असे डौलात उभे राहिले की बस. जिभेचं कापलेलं टोक नाड्यांखाली दिसत पण नव्हतं. मी दुसरा बूटही काढून त्यांच्यासमोर ठेवला. मोज्यांवरच उभा राहिलो, काय करता?

मग साहेब एकदम गंभीर झाले. लेकीकडं वळले. "सई, बुटांचं झालं. आता घराचं सांग. मी एकच अट घातली होती, माणसं खरी पाहिजेत. तू काय म्हणतेस?"

निखिलनं श्वास धरला. मी पण धरला.

सईनं कापलेल्या जिभांच्या ढिगाकडं पाहिलं, स्टिकरच्या गुंडाळीकडं पाहिलं, आणि शेवटी माझ्या मोज्यांकडं. डोळ्यांत हसून हसून पाणी आलेलं.

"बाबा, होकार देऊन टाका," ती म्हणाली. "वीस वर्षांत या दुकानात एकच गिऱ्हाईक फसलंय, आणि ते गल्ल्यावर बसतं."