रिक्षातली तिसरी जागा

सोमवार, बुधवार, शुक्रवार. आमच्या घरात आठवडा एवढाच असतो. या तीन दिवशी नवऱ्याचं डायलिसिस, आणि मधल्या दिवशी त्याची तयारी. ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही राहतो कात्रजच्या पुढे आणि डायलिसिसचं सेंटर आहे खडकीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या भागात सेंटर नाही असं नाही. पण तिथे जे मागतात ते आम्ही थोडे दिवस दिलं आणि मग मी बँकेत ठेव मोडायला गेले. खडकीचं सेंटर एका ट्रस्टचं आहे. योजनेत बसत असल्यामुळे तिथे उपचाराला जवळजवळ काही लागत नाही. तिथे जागा मिळाली तेव्हा मी शेजारी पेढे दिले होते. जाण्यायेण्याचा खर्च मी तेव्हा धरलाच नव्हता, आणि मी खर्च न धरणारी बाई नाही.

एका छापखान्यात मी डिस्पॅच बघते. कुठला टेम्पो कुठून जाईल, वाटेत काय उतरवेल, येताना काय उचलेल, हे ठरवणं माझं काम. रिकामा परतणारा टेम्पो म्हणजे तोटा, हे मला झोपेतही कळतं. त्यामुळे ह्यांना खडकीला नेणं-आणणं मला अवघड वाटलं नव्हतं. एक माणूस, एक पत्ता, ठरलेली वेळ.

सुरुवातीला स्कूटर होती. जाताना काही त्रास नसे. येताना ह्यांचं बीपी उतरलेलं असायचं, मी त्यांना ओढणीने स्वतःला बांधून घ्यायचे. एकदा सिग्नलला पाठीवरचा भार अचानक गेला. मागे वळून बघते तर हे रस्त्यावर मांडी घालून बसलेले.

"चक्कर येत होती," हे म्हणाले. "तुला घेऊन पडण्यापेक्षा म्हटलं एकट्याने बसावं."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. एक जण जाता जाता म्हणाला, "काका, घरी सतरंजी नाही का?" स्कूटर त्या दिवशी बंद झाली.

मग मोबाईलवरून गाडी मागवायला लागले. सकाळी मिळायची. दुपारी, मशीनवरून उतरल्यावर, हे सेंटरच्या पायरीवर दंडावरचा कापूस दाबून बसायचे आणि मी फोनवर.

"मॅडम, ड्रॉप कुठे?"

"कात्रजच्या पुढे."

"कॅश का ऑनलाइन?"

"ऑनलाइन."

फोन बंद. पाच मिनिटांनी दुसरा. तो म्हणणार, ॲपवर दिसतंय ते भाडं आम्हाला परवडत नाही, वर एवढे द्या. तिसरा यायचा, ह्यांचा चेहरा बघायचा आणि विचारायचा, "उलटी वगैरे करणार नाहीत ना?" एसी लावायचा तर वेगळे. पुलावर गाडी अडकली की आपण होऊन जास्त मागायचे. दर महिन्याला आकडा वाढत गेला, आणि एका महिन्यात तो माझ्या निम्म्या पगाराच्या पुढे गेला. मी छापखान्यात बसून तो दोनदा तपासला. बरोबर होता.

त्यानंतर बस आणि मेट्रो. कात्रजहून स्वारगेटपर्यंत बस, स्वारगेटहून खडकीपर्यंत मेट्रो. नकाशावर हा मार्ग इतका सरळ दिसतो की हे आधी का सुचलं नाही म्हणून मला स्वतःचाच राग आला. मेट्रोबद्दल माझी काही तक्रार नाही. गार, स्वच्छ, वेळेवर. पण ती मधला भाग सोडवते. दोन टोकं आपली आपल्यालाच ओढावी लागतात. बसचं भाडं वाढलं, बस काही वाढल्या नाहीत. बराच वेळ एकही नाही, मग दोन एकापाठोपाठ, दोन्ही दारापर्यंत भरलेल्या. ह्यांच्या अंगावर आजार दिसत नाही, त्यामुळे ज्येष्ठांच्या जागेवर बसलेले तरुण ज्येष्ठ खिडकीबाहेर बघत राहायचे. परत येताना तर स्वारगेटला स्टेशनबाहेर पडून बस स्टॉपपर्यंतचं अंतरच ह्यांना जमेना. रस्त्याच्या दुभाजकावर बसून म्हणायचे, "तू जा पुढे, मी आलोच."

या काळात आमचा बाकीचा प्रवास आपोआप संपला. नणंदेकडचं बारसं फोनवर झालं. माझ्या मैत्रिणीची साठी मी सर्दी झाली म्हणून टाळली. छापखान्यात मी चालत जायला लागले. भाजी, बँक, दळण हे सगळं एका फेरीत. कुठे जायचं म्हटलं की आधी मनात येई, त्यात ह्यांच्या किती फेऱ्या बसतील. तेवढ्यात जाणं रद्द व्हायचं.

एका संध्याकाळी हे म्हणाले, "आठवड्याला दोनदा जातो. बरेच लोक दोनदाच जातात."

मी भांडी घासत होते. तिसरा हिस्सा वाचतो, हे माझ्या डोक्यात ह्यांचं वाक्य संपायच्या आत होऊन गेलं. मी नाही म्हटलं नाही.

दोन आठवडे ठीक गेले. मग ह्यांना आडवं होता येईना. उशांना टेकून बसले तरी घशात पाणी घुसळल्यासारखा आवाज. फुप्फुसात पाणी भरलं होतं. अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "तिसरं का बंद केलंत?" मी म्हटलं, रिक्षा मिळत नव्हती. त्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करते आहे.

एवढं ठरलं की तीनदा म्हणजे तीनदा. त्याखाली काही नाही. आता बाकीचं त्याभोवती बसवायचं होतं.

वाट सुचली ती समोरच्या इमारतीतल्या मुलांमुळे. रोज सकाळी एक रिक्षा येते, हॉर्न देते, दप्तरं बाहेर लटकावते आणि दाटीवाटीने मुलं घेऊन शाळेला जाते. महिन्याचे पैसे ठरलेले, माणूस ठरलेला, कुणी भाव करत नाही. मग पेशंटची लाइन का नको? सेंटरवर ह्यांच्याच वेळेला मशीनवर असणाऱ्यांत आमच्या रस्त्यावरचे कोण, ते मी शोधलं. धनकवडीचा एक कंपनीत काम करणारा मुलगा निघाला आणि स्वारगेटच्या मागे राहणाऱ्या एक आजी. एक रिक्षावाले दादा गाठले, पुढच्या गावातले, मूळचे शेतकरी. तिघांना न्यायचं, मधले चार तास खडकीला धंदा करायचा, तिघांना आणायचं. पैसे महिन्याचे आगाऊ, तीन भागांत. रिक्षा दोन्ही वेळेला भरलेली.

ते सहा-सात महिने आमच्या घरात माणसं हसली. मी कामावर असायचे, पण हे संध्याकाळी रिक्षातलं सगळं सांगायचे. आजी मध्ये बसायच्या. पाणी किती प्यायचं याचं तिघांनाही बंधन, आणि आजींचं लक्ष सगळ्यांवर.

"काल तुम्ही चहा जास्त घेतलात," त्या ह्यांना म्हणायच्या. "नाही म्हणू नका. मला मांडीला कळतंय."

"आजी, चिल," धनकवडीचा मुलगा म्हणायचा. "डॉक्टर वजन करतीलच की."

"डॉक्टर काट्यावर करतात. मला तुमच्यामध्ये बसावं लागतं."

एका बुधवारी रिक्षा स्वारगेटला गेली आणि आजी खाली आल्या नाहीत. दादांनी हॉर्न दिला. आजींचा मुलगा बाल्कनीत आला आणि हाताने नको म्हणाला. हे वर जाऊन आले. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. मशीनला वेळ गाठायची होती म्हणून रिक्षा तशीच पुढे खडकीला गेली. हे घरी आल्यावर बराच वेळ चपला न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "आज रस्ताभर आम्ही दोघं कडेकडेलाच बसलो होतो."

दोन महिने आम्ही आजींचा भाग दोघांत वाटून घेतला. मग दादा घरी आले. पाणी घेतलं, पेला खाली ठेवला.

"वहिनी, दोघांत मेळ बसत न्हाई. गॅस वाढला, आन गॅसच्या रांगेतच निम्मा दिवस जातोय. शाळा उघडली की मला पोरांची लाइन भेटतीय."

"तिसरा मिळाला तर?"

"तर मी हाय. तुमचं सोडून मला बी बरं वाटत न्हाई." ते उठले. "पर खरं सांगू का? पोरं वरीसभर टिकत्यात."

त्यांनी धंद्याची गोष्ट सांगितली होती, आणि मी त्यांच्या जागी असते तर हेच बोलले असते.

शाळा उघडायला थोडे दिवस होते. मी रजा टाकून खडकीला गेले आणि सेंटरच्या बाकावर बसले. पहिल्या तासात माझ्या लक्षात आलं की मी माणसं बघत नाहीये. मी माल बघते आहे. हा कुठला, आपल्या रस्त्यावर पडतो का. हिची चाल कशी आहे. ह्याच्या हातात ताकद आहे का. त्या गृहस्थांचा रंग बरा नाही, नको. या मुलीला नुकतंच सुरू झालंय, तरुण आहे, ही दोन-तीन वर्षं सहज जाईल. मनात मी हेच शब्द वापरत होते. सहज जाईल.

ती मुलगी कात्रजचीच निघाली. मी तिच्या सासूशेजारी जाऊन बसले, सगळं समजावून सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे गाडी आहे. धाकटा सोडतो." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, "आणि आजारी माणसांबरोबर तिला नको वाटतं हो." त्यांच्या सुनेच्या दंडाला माझ्या नवऱ्यासारखीच पट्टी होती.

रस्त्यावर पडणारे आणखी एकच होते. पद्मावतीचे एक गृहस्थ, साठीच्या आसपास, एकटे. चेहरा सुजलेला, पायाला बूट बसत नव्हते म्हणून मागची पट्टी कापलेल्या सपाता. दोन बस बदलून येत होते. त्यांच्याकडे मी सकाळीच बघितलं होतं आणि नजर पुढे नेली होती.

त्या दिवशी परत येताना रिकाम्या जागेवर मी बसले. धनकवडीचा मुलगा कानात गाणी लावून झोपला होता. शिवाजीनगरच्या सिग्नलला हे हळू आवाजात म्हणाले, "मी सकाळी मशीनवरून तुला बघत होतो. काचेतून बाक दिसतो."

"मग?"

"मी अनोळखी असतो तर मला घेतलं असतंस का या रिक्षात?"

मी सिग्नलचे आकडे उतरताना बघत होते. खोटं बोलून उपयोग नव्हता, ह्यांना ते लगेच कळतं.

"नसतं," मी म्हटलं. "तुम्ही रस्त्यात मांडी घालून बसता."

हे हसले. मला वाटलं विषय संपला. मंडईजवळ गर्दीत रिक्षा थांबली तेव्हा ह्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत चारचौघांत ह्यांनी माझा हात असा धरला नव्हता.

"त्या पद्मावतीवाल्यांना विचार," हे म्हणाले. "ते बसमध्ये उभे राहून येतात. मला माहितीये ते काय असतं."

"आणि नाही टिकले तर? परत शोधायचं? दादा थांबायचे नाहीत."

"मग मी तरी कुठे लिहून दिलंय तुला?"

मी हात सोडवून घेतला. राग आला होता. कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

शुक्रवारी मी त्या गृहस्थांना गाठलं. कात्रज ते खडकीची लाइन, घराच्या दारातून घ्यायचं, दारात सोडायचं, तीन भागांत पैसे. त्यांनी मान हलवत सगळं ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं असावं, सूज इतकी होती की नक्की कळत नव्हतं.

"फार बरं होईल ताई. बसची पायरीच चढवत नाही आताशा." मग ते चाचरले. "फक्त ते महिन्याचं आगाऊ. पंधरा-पंधरा दिवसांचे दिले तर चालतील का?"

"पैशांची अडचण असेल तर बघू आपण."

"नाही नाही, पैसे आहेत. पेन्शन येते." त्यांनी आपल्या सपातांकडे बघितलं. "उगाच पुढचे तुमच्याकडे अडकायला नकोत. मुलगी लांब असते, परत मागायला तिला कुठे यायला लावायचं."

मी म्हटलं, चालतील.

दादांना मी फोन करून तिसरा मिळाला एवढंच कळवलं. पंधरा दिवसांचं बोलले नाही. दादांनी शाळेची लाइन सोडली. त्यांनी ती माझ्या शब्दावर सोडली.

सोमवारी सकाळी ह्यांना रिक्षात बसवलं, पाण्याची छोटी बाटली आणि डबा दिला आणि मी छापखान्याच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळाने दादांचा फोन आला. पद्मावतीहून.

"वहिनी, तिसरं घेतलं."

"बरं."

मागून ह्यांचा आवाज येत होता, पाय इकडे लांब करा, माझ्या अंगावर आले तरी चालतील.

"वहिनी, ह्यांचं पाय लई सुजल्यात."

"माहितीये."

"मला तुम्ही हे बोलला न्हाई."

"दादा, निघा. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात."

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले. मग चालायला लागले. शुक्रवारची रजा मी आधीच टाकून ठेवली होती. बाकावर नवीन कोण आलंय ते बघायला हवं होतं.