आकडा काही जुळेना!

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. रोज कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली की ते आपोआप साचतात. आमच्या भंडाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये तर ढीग लागलाय!

कॅन्सरवर उपचार करणाऱ्या मशीनचे, म्हणजे लिनॅकचे, तांब्याचे पोकळ डबे आम्ही ट्यून करतो. डब्यात रेडिओ लहरी घुमतात आणि त्यांची फ्रिक्वेन्सी ठरलेल्या आकड्यावरच यायला हवी. डब्याचा आकार केसभर बदलला, तरी आकडा सरकतो. हा आमचा पहिलाच डबा. तपासणीत नापास झाला तर वर्कशॉपला कुलूप! माझी झोपच उडाली होती.

* * *

ट्यूनिंगचा स्क्रू आमचे फिटर मेश्रामभाऊ फिरवायचे, मी स्क्रीन बघायची. "थोडं फिरवा," म्हटलं. त्यांनी गर्रकन अख्खा फेरा मारला. आकडा पार भलतीकडे!

"अहो, थोडं म्हटलं होतं ना!"

"आमच्या अड्याळले 'थोडा भात वाढा' म्हटलं तं पानभर वाढतेत, मॅडम!"

* * *

एका सकाळी डबा लखलखत होता. झाडलोट करणाऱ्या चंदाबाई कमरेवर हात ठेवून खूश. "तांब्याचं भांडं असं काळं कायले ठेवता जी? मी चिचेनं घासून देल्लं."

"आतून नाही ना घासलं?"

"म्हंजे? आतून बी! अर्धवट काम मले जमत नाही."

सगळं पुन्हा पहिल्यापासून.

* * *

मग वर्कशॉपच्या मालकांचे, म्हणजे आमच्या साहेबांचे, सासरे कोंढ्याहून आले. डबा बघून दोन्ही हात त्यावर ठेवून निवांत उभे.

"आजोबा, हात काढा! हाताच्या गरमीनं आकडा सरकतो."

"एवढं नाजूक हाये? अन् याच्या भरोशावर लोकायचा इलाज करून राहिले तुमी?"

मी जाऊन एसी वाढवला.

* * *

तपासणीच्या दिवशी स्क्रू टोकापर्यंत गेला, तरी आकडा जरासा वरच अडकलेला. तपासणी अधिकारी समोर खुर्चीत. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात आमचे साहेब आले. शुभ काम म्हणून हातात नारळ! फोडायला दगड कुठं दिसेना. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि दाणकन डब्यावरच आपटला!

मी डोळे गच्च मिटले. उघडले तर डब्याला पोचा, टेबलभर नारळाचं पाणी आणि स्क्रीनवर नेमका आकडा!

अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ही पद्धत तुमच्या प्रोसिजरमध्ये आहे?"

मेश्रामभाऊ पुढे झाले.

"हाये ना जी! दुसऱ्या डब्याचा नारळ घेऊन येऊ काय?"