सिसिथची मेंढी

मेंढी आमच्या परड्यात आडवी पडली होती. डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. तोंडाला फेस होता आणि ती कराकरा दात खात होती. माझ्या मैत्रिणीनं कुशीवर टिचकी मारली, तर ढोलकीसारखा आवाज आला.

"काय चारलासा हिला?"

मी काहीच चारलं नव्हतं. मी नवऱ्याकडं बघितलं. म्हातारा दारात उभा होता आणि त्याच्या हातात रिकामी परात होती.

"मलिदा," तो म्हणाला.

"किती?"

त्यानं परात जरा पुढं केली.

"सगळी परात?" मैत्रीण ओरडली. "आण्णा, डोस्कं ठिकाणावर हाय का तुमचं? प्वाहं हायती त्ये! पोटात जाऊन फुगत्यात! मेंढरू मरतंय आता माझं!"

मेंढी तिची होती, पण लोकर आम्हाला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कातरायचं ठरलं होतं. मेंढी मेली असती तर मैत्रिणीची मेंढी गेली असती आणि आमच्या नातवाच्या लग्नाची सिसिथही गेली असती. मेलेल्या जनावराच्या अंगावरची लोकर म्हाताऱ्यानं देवाच्या कामाला घेतली नसती. शास्त्र काय सांगतं मला माहीत नाही. म्हाताऱ्याचं मला माहीत आहे.

सिसिथ म्हणजे काय ते सांगते. आमचे पुरुष प्रार्थनेला खांद्यावर शाल घेतात. तिच्या चार कोपऱ्यांना पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्यांचे, गाठी मारलेले गोंडे असतात. तीच सिसिथ. शाल कितीही चांगली असली तरी गोंडा तुटला की ती घेऊन प्रार्थना करत नाहीत. आम्ही यहुदी. माणसं मूळची कोकणातली, तेलाचा घाणा चालवणारी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. लग्न झाल्यावर मी कसबा बावड्यात आले, कारण नवरा इथं साखर कारखान्यात फिटर होता. इथं आम्ही कोण हे कुणी विचारत नाही. आडनाव कोकणातल्या गावावरचं आहे, तेवढ्यानं लोकांचं भागतं.

नातवाचं लग्न पुण्यात ठरलं. म्हाताऱ्यानं ट्रंकेतून आपल्या वडिलांची शाल काढली. शाल धड होती, पण गोंडे कसरीनं खाल्ले होते. मुलगा फोनवर म्हणाला, विकत मिळतात, मागवून देतो. मीही म्हटलं, मागव. म्हातारा म्हणाला, "माझ्या आईनं घरी कातली होती. घरचीच पाहिजे."

"कातणार कोण?" मी विचारलं.

"तू."

असं ते ठरलं. टकळी मला येत होती. माझ्या आईनं शिकवलेली. लोकर कुठली आणायची हाच प्रश्न होता. नव्या इमारतींच्या मागं मैत्रिणीचं अर्धा एकर रान आहे. त्यात थोडा ऊस, थोडं गवत, आणि पाच-सहा मेंढरं. ती धनगराची. नवरा वारल्यापासून मेंढरं तीच बघते, कातरतेही तीच. सगळी मेंढरं काळी, ही एकच पांढरी. घोंगड्याला काळी लोकर लागते, म्हणून हिच्या लोकरीकडं कुणी बघत नव्हतं. देवाच्या कामाच्या दोऱ्याला म्हणून मी मागितली तर ती हसली.

"ही व्हय? न्या की. पर जानव्याला लोकर कशाला लागती गं आक्का?"

"जानवं नव्हे," मी म्हटलं.

"मग काय हाय?"

मी सांगितलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे जानवंच की." पुढं मी तो नाद सोडला.

कातरायच्या आदल्या दिवशी तिनं मेंढी नदीवर नेऊन धुतली. गोठ्यात पुन्हा मळली असती, म्हणून आमच्या परड्यातल्या फरशीवर आणून बांधली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

त्याच दिवशी म्हाताऱ्यानं नातवाच्या लग्नासाठी बोललेला नवस फेडायला मलिदा करायला लावला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. आमच्यात शुभकार्याला करतात. सगळ्यांनी जमून प्रार्थना म्हणायची आणि खायचं. पण कोल्हापुरात आमची माणसं जमणार किती? पुण्याहून मुलगा यायचा होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. म्हाताऱ्यानं मात्र माप धरलं घर भरलेलं असल्यासारखं. प्रार्थना आम्ही दोघांनीच म्हटली. शेजारी दिला, मैत्रिणीला दिला, आम्ही पोटभर खाल्ला, तरी परात भरलेलीच. जेवण झाल्यावर मी जरा आडवी झाले. म्हाताऱ्यानं विचार केला, मलिदा टाकायचा नसतो, आणि सिसिथची लोकर जिच्या अंगावर आहे तिचाही यात वाटा आहे. परात नेऊन तिच्यापुढं ठेवली. मेंढी कशाला नको म्हणेल? गूळ होता त्यात.

"बघत काय बसलासा, पावणं?" मैत्रीण त्याच्यावर खेकसली. इतक्या वर्षांच्या आण्णाचा त्या दुपारी पावणा झाला. "त्याल आणा, गोडंत्याल! आक्का, खायाचा सोडा हाय का घरात?"

सोडा होता. मी कोमट पाण्यात कालवला. तिनं मेंढीला उठवून पुढचे पाय कपडे धुण्याच्या दगडावर ठेवले. लिंबाची काटकी तोंडात आडवी घालून कानामागं दोरीनं बांधली, म्हणजे मेंढी तोंड हलवत राहील आणि वारं बाहेर पडेल. मग जबड्याच्या कडेनं बाटली लावली. आधी तेल, मग सोड्याचं पाणी, घोट घोट. घाईनं ओतलं तर फुप्फुसात जातं म्हणाली. मी डोकं धरलं होतं. मेंढीचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. त्याला वेलचीचा वास होता.

"आण्णा, कूस चोळा. आसं न्हवं, जोर लावा! कारखान्यात काय नुसतं हजेरी लावायला जात हुतासा?"

म्हातारा गुडघ्यावर बसून चोळायला लागला. त्याचे गुडघे दुखतात, पण मी उठा म्हटलं नाही.

"मेली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"मेली तर तुमी चरायला चला माझ्या रानात," मैत्रीण म्हणाली. "तुमचीच लोकर कातरते. डोस्क्यावर हाय तेवढी."

त्याच्या डोक्यावर चार केस आहेत. मला हसू आलं, पण बोलतानाही तिची नजर मेंढीच्या कुशीवरून हलत नव्हती, म्हणून मी हसले नाही.

बराच वेळ काही झालं नाही. मेंढीच्या मागच्या पायातलं बळ जायला लागलं, आम्ही तिघं तिला धरून उभे. आणि मग तिनं ढेकर दिला. असा मोठा आंबूस ढेकर मी माणसाचाही ऐकला नाही. लगेच दुसरा आला. कूस हाताखाली मऊ पडत गेली.

"सुटली," मैत्रीण म्हणाली, आणि खाली फरशीवर फतकल मारून बसली.

फोन करून बोलावलेला जनावरांचा डॉक्टर आला तेव्हा मेंढी उभी होती. त्यानं तपासून सुई टोचली, दोन दिवस फक्त वाळलं गवत घाला म्हणाला, आणि काय खाल्लं होतं ते विचारलं. मलिदा म्हटल्यावर त्यानं कुठल्या देवाचा तेही विचारलं. म्हातारा सांगत बसला. डॉक्टरचा चहा गार झाला.

लोकर पुढच्या पंधरवड्यात कातरली. पोटाखालची आणि पायाची खरबरीत लोकर बाजूला काढली, पाठीची आणि मानेची घेतली. पिंजून कातायला पेळू वळले. टकळीला गती द्यायच्या आधी तोंडानं म्हणावं लागतं, हा दोरा सिसिथसाठी. न म्हणता कातलेला दोरा चालत नाही. मी रोज बसताना म्हणायचे. मैत्रीण समोर बसून बघायची, आणि एखाद्या दिवशी मी टकळी उचलली की तीच आधी म्हणायची, "म्हण की गं, इसरशील." दोरा दोनपदरी पिळला. गाठी म्हाताऱ्यानं मारल्या, ते बाईचं काम नाही. दोन कोपऱ्यांच्या गाठी वाकड्या आल्या. सोडून पुन्हा मारा म्हटलं, त्यानं पुन्हा मारल्या.

दोरा विकतच्यासारखा एकसारखा नव्हता, कुठं जाड कुठं बारीक. पण तुटला नाही. नातवानं लग्नात ती शाल घेतली. मैत्रीण पुण्याला आली होती. तिनं नवऱ्यामुलाजवळ जाऊन गोंडा हातात धरला आणि नातसुनेच्या माहेरच्यांना सांगितलं, "ही माझ्या मेंढीची हाय. मरत हुती. ह्या आण्णांनी मारलीच हुती." म्हातारा कानकोंडा होऊन जेवणाच्या पंगतीकडं गेला.

मेंढी जगली. त्या दुपारी परड्यात होतो ते आम्ही तिघंही अजून आहोत.