आवाजाचा पत्ता

"ज्याची चिठ्ठी, त्याच्याच हातात," असं म्हणून भाऊ पाकीट दोन्ही हातांनी पुढे करत. दारात सून उभी असली आणि पाकीट सासऱ्याच्या नावाचं असलं, तर सायकल भिंतीला टेकवून सासऱ्याची आंघोळ होईपर्यंत थांबत. ही गोष्ट मी गोंदियात पुष्कळांना हसत हसत सांगितली आहे. तिच्या पुढची मात्र इतकी वर्षं टाळली. आता वय ऐंशीच्या घरात आलं. आणखी टाळली, तर ती माझ्याबरोबरच जाईल.

भाऊ आमच्या पोस्टात पोस्टमन होते आणि मी टपाल वेगळं करणारा बाबू. गावात त्यांना 'तवेवाला' म्हणत. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांना इथे तवे म्हणतात आणि भाऊंना त्यांचा नाद होता. नामांकित गायकांच्या तबकड्या त्यांना नको असत. "त्याईले सांभाळाले लय लोक आहेत," म्हणायचे. त्यांना हव्या असत त्या आठवडी बाजारात चादरीवर मांडून विकलेल्या स्वस्त तबकड्या. लेबल तिरपं चिकटवलेलं, आवाजात खरखर, काढणारी कंपनी दोन वर्षांत बंद पडलेली.

अशा तबकडीवर एका गायकाचं नाव असे आणि पुढे छापलेलं असे, 'आणि मंडळी'. भाऊंचं सगळं संशोधन या मंडळींसाठी होतं.

"मंडळी नावाचा मानूस मी आजपावेतो पायला नाई, बाबू. कोनी तरी गायलं असंल ना?"

टपाल वाटता वाटता ते विचारत फिरत. एखादी म्हातारी तांदूळ निवडताना तबकडी ऐकून म्हणे, "हा झांज वाजवनारा माहा जेठ." मग त्या थोरल्या दिराचं नाव वहीत जाई. एका ढोलकीवाल्याचा पत्ता लागायला त्यांना सात वर्षं लागली, आणि सापडला तेव्हा त्याला ऐकूच येत नव्हतं. भाऊंनी त्याचा पंजा ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि तबकडी लावली. म्हातारा बोटांनी ठेका धरून बसला. हे सांगताना भाऊ स्वतःची बोटं माझ्या टेबलावर वाजवत.

तबकड्या शोधताना लोकांच्या माळ्यावरची जुनी ध्वनिमुद्रणाची यंत्रंही सापडत. मोठाल्या स्पूलचे टेपरेकॉर्डर, त्यांवर घरच्याच माणसांचे आवाज भरलेले. भाऊ ती दुरुस्त करत, टेप ऐकून वहीत नोंद करत आणि यंत्र टेपसकट परत नेऊन देत. स्वतःसाठी नक्कल ठेवत नसत. "आवाजाले बी पत्ता रायते, बाबू. ज्या घरचा, त्या घरी."

हे काम चाले माझ्या घरी. भाऊ कुडव्याला राहत आणि तिथे विजेचा दाब इतका कमी, की स्पूल रेंगाळे आणि बाईचा आवाज पुरुषाचा होई. माझ्याकडे स्टॅबिलायझर होता. दाब हलला की तो टक् टक् वाजे. रविवारी दुपारी भाऊ यंत्र घेऊन येत. "तुमचा हा डब्बा लय बोलून राहिला आज," म्हणत हसत.

अशाच एका रविवारी त्यांनी आमगावकडच्या एका बाईंची टेप आणली. बाईंची आई अशाच एका तबकडीवरच्या मंडळींतली होती. वडलांनी घरी तिच्याकडून लग्नाची गाणी म्हणवून घेतली होती. एका गाण्याच्या मध्येच ती थांबते आणि गेलेल्या मुलाशी बोलू लागते. "तू असतास तर तुयी बी हळद लागली असती रे." नवऱ्याचा आवाज येतो, "बंद करू का?" ती म्हणते, "राहू दे. त्याले ऐकू दे." आणि पुन्हा गाऊ लागते.

बाईंनी भाऊंकडून शब्द घेतला होता, की हे कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. माझ्यासमोर ती लावली, कारण भाऊ मला वेगळं माणूस धरत नव्हते.

त्याच सुमारास एका कॉलेजात जुन्या लोकगीतांचा कार्यक्रम ठरला होता. तिथल्या एका प्राध्यापकांनी मला विचारलं, तुमच्या मित्राकडे काही मिळेल का? भाऊंनी साफ नाही म्हटलं. "ते माहं नाई, बाबू. मी फक्त पोचवनारा." मला राग आला. घर माझं, वीज माझी, चहा माझ्या बायकोचा, आणि त्या सगळ्या वह्यांत माझं नाव कुठेच नाही.

बाईंची टेप परत जायची होती, त्याच दुपारी निरोप आला, की बाजारातला एक कबाडी तबकड्या फोडून गोणीत भरतो आहे. भाऊ चप्पल घालता घालता म्हणाले, "तासभरात येतो. मशीन तुमच्या भरवशावर."

ते वळणावर दिसेनासे झाले आणि मी माझा कॅसेट रेकॉर्डर स्पूलच्या यंत्रासमोर ठेवला. स्पूल सुरू केला आणि रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं दाबली. भाऊ चार तबकड्या छातीशी धरून परतले, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

कॅसेट मी प्राध्यापकांना दिली आणि कार्यक्रमात माझा सत्कार झाला. 'संग्राहक' म्हणून. मी खाली मान घालून नारळ घेतला. भाऊंना सांगितलं, की नातेवाइकांकडे गेलो होतो.

पुढे त्या कॅसेटच्या नकला निघाल्या, मग सीडी. एका मांडववाल्याने लग्नाची जुनी गाणी म्हणून ती बाईंच्याच गावात भोंग्यावर लावली. वरात दारात, आणि साऱ्या गावावर त्या आईचा आवाज, "तू असतास तर..."

बाई ती सीडी घेऊन पोस्टात आल्या. बसल्या नाहीत. "तुमाले मी माय देल्ली होती, भाऊ. तुमी तिले मांडवात उभी केली. काऊन?"

शेजारच्या दुकानात सीडी लावली गेली. भाऊ मान तिरकी करून ऐकत होते, जसे ते झांजेसाठी ऐकत. गाण्यामागे बारीक टक् टक् आली. पुन्हा आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग बाईंकडे वळून म्हणाले, "चूक माही हाय, बाई. मले सांभाळता नाई आलं."

मी तीन हातांवर उभा होतो. हातातलं टपाल लावत राहिलो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत भाऊंनी लोकांनी दिलेल्या साऱ्या तबकड्या घरोघर परत पोचवल्या, सायकलवर, पाकिटं वाटावीत तशा. काही घरांनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. गोष्ट पसरली होती. माझ्याकडे ते एकदाच आले, आपलं हत्यारांचं खोकं न्यायला. बायकोने चहा विचारला तर म्हणाले, "नको, वहिनी. जाऊन राहिलो." पोस्टातही पुढे निवृत्तीपर्यंत आम्ही टपालापुरतं बोललो. मला मात्र ते तेव्हापासून 'साहेब' म्हणू लागले.

ते गेल्याचं मला आठ दिवसांनी कळलं.

त्याच्या महिनाभर आधी मी भाऊंसाठी माझ्या आवाजात एक कॅसेट भरली होती. समोर बसून बोलणं जमलं नसतं. पाकिटावर त्यांचं नाव घालून कुडव्याला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "नागपूरले दवाखान्यात नेलं त्याईले. द्या माह्याजवळ, पोराच्या हाती देईन." मी पाकीट पुढे केलं आणि मागे घेतलं. ज्याची चिठ्ठी, त्याच्याच हातात.

आमगावकडच्या त्या बाईंना कुणी हे वाचून दाखवलं, तर सांगा, की भाऊंनी शब्द मोडला नव्हता. तो मी मोडला.

कॅसेट माझ्याकडेच आहे. सुरुवातीला बराच वेळ नुसता स्टॅबिलायझर वाजतो. मग माझा आवाज येतो, "भाऊ, ऐकू येतंय ना? माझ्याच घरचं आहे. मला माफ करा."