एका रेघेची पट्टी

पट्टीवर दुसरी रेघ उमटली आणि डॉक्टर म्हणाले, “इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह.” काही महिन्यांपूर्वी अशाच दोन रेघा बघून मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आज माझी सून पूजा, आठवा महिना लागलेली, तापानं फणफणत समोर बसली होती. तो ताप तिला मीच दिला होता.

चार दिवसांआधी मलाही ताप, खोकला आणि अंगदुखी होती. राजारामपुरीतल्या याच दवाखान्यात माझी रॅपिड अँटिजेन टेस्ट झाली. म्हणजे नाकात काडी फिरवायची आणि पंधरा मिनिटांत फ्लू आहे का ते बघायचं. रेघ एकच आली. डॉक्टर म्हणाले, “निगेटिव्ह आहे, पण ही टेस्ट कधीकधी चुकते. लक्षणं फ्लूचीच आहेत. सुनेपासून लांब राहा.” मी ‘निगेटिव्ह’ तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी उचगावात, आमच्या घरी, तिचं डोहाळजेवण होतं. पहिला घास सासूचा, आणि मी मान सोडणारी बाई नव्हे. कुणी माझ्या खोकल्याकडं बघितलं की मी रिपोर्ट नाचवायची. “निगेटिव्ह हाय, बघा की!” मग पूजाला खेटून बसले आणि पुरणपोळीचा घास भरवला.

आता तिला दाखल करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, “ताप कालच आलाय ना? वेळेत आलात. ओसेल्टामिवीर लगेच सुरू करू.” हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध. पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर चांगला गुण येतो.

मी बाहेरच्या बाकावर बसून मशीनमधून येणारे बाळाचे ठोके ऐकत होते. मध्येच आवाज बंद व्हायचा, मी उठून दाराशी जायची. नर्स पूजाच्या पोटावरचा पट्टा सरकवायची, आवाज परत यायचा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी रडतच विचारलं, “पोरी, मला लांब का न्हाय सारलंस?”

आमच्याकडं सून सासूला आत्याच म्हणते. पूजा म्हणाली, “आत्या, तुमची एवढी हौस. तोंड कसं फिरवायचं?”

बायांनो, डॉक्टरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐका. माझ्यासारखं अर्ध्यावर उठू नका.

नात झाली, ठणठणीत. बारशाच्या सकाळी माझा घसा खवखवायला लागला. पुन्हा टेस्ट, पुन्हा एकच रेघ. मी मास्क लावून बाहेर कट्ट्यावर बसले. आतून पूजानं हाक मारली, “आत्या, निगेटिव्ह हाय न्हवं? या की, पाळण्यात तुम्हीच घालायचं!”

“तूच घाल,” मी म्हटलं. “माझा मान थांबतोय की चार दिवस.”