खायच्या दातांचे डॉक्टर

डॉ. भास्करराव राऊत यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या आईच्या तोंडामुळे. पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावर, आमच्या आळीत आईच्या तोंडाचा दबदबा मोठा. त्या तोंडाने कुणाला सोडल्याचे ऐकिवात नाही. पण एका वर्षी दर्यावर होड्या बंद असतानाच्या दिवसांत ते तोंडच बंद झाले, आणि सारी आळी काळजीत पडली.

आई जाळी दुरुस्त करते. एका हातात सुई, दुसऱ्या हातात जाळ्याचे डोळे सारख्या मापाचे ठेवणारी पट्टी. गाठ बसली की दोरा दातांनी तोडायचा. आमच्याकडे बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची हीच रीत. सुती दोरा होता तोवर दातांनी तक्रार केली नाही. मग नायलॉन आले. ते कुजत नाही म्हणून पुरुषमंडळी खूश. पण ते तुटतही नाही, हे बायकांच्या दातांना कळले. आईच्या डाव्या बाजूच्या दाढा बाजारात बसणाऱ्या दात उपटणाऱ्याने केव्हाच नेल्या होत्या. खाणे आणि तोडणे, दोन्ही उजव्या बाजूने चाले. तिथलीच एक दाढ दुखू लागली.

दाढेला ना भोक, ना कीड. त्यातून आईचे सांगणे तऱ्हेवाईक. "चावताना नाय दुखत, सोडताना दुखते." हे ऐकून आम्ही घरचे हसलो. शेजारीण म्हणाली, "बायला काम नको झालं हाय." एका डॉक्टरांनी शांत झोपेच्या गोळ्या दिल्या. भाकरी सुटली, आई पेजेवर आली. जाळी पडवीत साचली. तीही दाढ गेली तर जन्मभर पेज आणि दुसऱ्याच्या दाताने तुटलेला दोरा, एवढेच तिच्या वाट्याला उरणार होते. शेवटी कंटाळून ती मला म्हणाली, "बाबू, काढून टाक ती एकदाची." मी तेव्हा उमरोळीच्या शाळेत नुकताच मास्तर झालो होतो. रजा काढून तिला पालघरला डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात नेले.

खुर्चीत बसताच आईने आ केला आणि ती म्हणाली, "काढा." डॉक्टरसाहेब म्हणाले, "बाय, आधी सांगा तर, दुखतं कसं?" आईने माझ्याकडे पाहिले. पुन्हा हसतील, ही धास्ती तिच्या डोळ्यांत होती. मग हळूच म्हणाली, "चावताना नाय, सोडताना."

डॉक्टरसाहेबांनी हातातले हत्यार खाली ठेवले. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांगा." आयुष्यात आईला 'पुन्हा सांगा' म्हणणारे ते पहिलेच गृहस्थ असावेत! त्यांनी लाकडाची एक छोटी खुंटी दाढेच्या एकेका कोपऱ्यावर ठेवून तिला चावायला लावली. एका कोपऱ्याशी "आता सोडा" म्हणताच आई अशी किंचाळली की बाहेर बसलेले लोक उठून उभे राहिले. डॉक्टरसाहेबांचा चेहरा मात्र उजळला. "बाय, तुमचं खरं आहे. दाढेला भेग आहे. चावताना भेगेची तोंडं फाकतात, सोडलं की मिटतात, आणि कळ येते ती तेव्हा. ही दाढ काढायची नाही. हिला टोपी घालायची."

मग माझ्याकडे वळून त्यांनी जे समजावले, ते मी आजही शाळेतल्या मुलांना तसेच सांगतो. "मास्तर, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशाला चढवतात? लाकूड फाकू नये म्हणून. दाताचंही तेच. बारीक कीड असेल तर भरून भागतं. पण दाताला भेग गेली, कोपरा उडाला, किंवा दातापेक्षा भरावच जास्त झाला, तर आतून कितीही भरा, भिंती फुटायच्याच. बाहेरून आवळावं लागतं, आणि तेही चाकाचे दोन तुकडे होण्याआधी."

आईच्या डोक्यात मात्र वेगळेच चक्र फिरत होते. आमच्याकडे दाताला सोने म्हणजे शोभा. कुणी हौसेने समोरच्या दाताला मढवून घेतो आणि मग बारशापासून बाराव्यापर्यंत हसत हिंडतो. टोपी सोन्यासारख्या पिवळ्या धातूची असणार, हे कळताच आई म्हणाली, "दाक्तर, मागं कोण बघणार? घालताच हाय तर पुढच्या दाताला घाला की!" मी शरमेने खाली पाहिले. डॉक्टरसाहेब मनमुराद हसले. "बाय, हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे. मी खायच्या दातांचा डॉक्टर."

मुंबईहून टोपी घडून आली, बसली, आणि आईने पहिल्याच दिवशी त्या दाढेने नायलॉन तोडला. डॉक्टरसाहेबांना हे कळल्यावर ते रागावतील असे मला वाटले. ते रागावले नाहीत. रविवारी सरळ माहीमला आले आणि आमच्या पडवीत बसून आईचे काम पाहत राहिले. "कातर का नाही घेत?" त्यांनी विचारले. "घेऊ कुठल्या हातान्‌? दोनच हात दिलंत देवानं," आई म्हणाली. ते पुन्हा तिचे हात पाहू लागले. पुढच्या खेपेला ते एक छोटे पाते घेऊन आले आणि सुताराकडून ते आईच्या उजव्या हाताशी, पडवीच्या खांबात ठोकून घेतले. हातातली सुई न ठेवता दोरा पात्यावर ओढला की तुटतो. आज आमच्या आळीत घरोघरी खांबाला पाते आहे. त्याला नावही पडले आहे: दाक्तरचा दात.

पुढे मी त्यांच्याबरोबर शाळाशाळांतून मुलांचे दात तपासायला हिंडू लागलो आणि त्यांचा स्वभाव जवळून पाहिला. तारापूरला वीज प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि बोईसरला चार प्रांतांची माणसे आली. एक ठेकेदार समोरचा धडधाकट दात मढवून घ्यायला आला. टोपी बसवायची तर दात चहूबाजूंनी घासावा लागतो. डॉक्टरसाहेबांनी त्याला चहा पाजला आणि परत धाडले. "अच्छा दांत मैं नहीं बिगाडूंगा," हे त्यांचे हिंदी. त्याच दिवशी सोलापूरकडचा एक गवंडी गालावर हात धरून टोपीच हवी म्हणून बसला होता. त्याच्या दाढेत लहानसे भोक होते. डॉक्टरसाहेबांनी ते भरले. "टोपी घालावी केव्हा हे कळतं तो डॉक्टर, आणि घालू नये केव्हा हे कळतं तो चांगला डॉक्टर," असे ते मला संध्याकाळी दवाखाना बंद करताना म्हणाले. स्वतःची स्तुती ते एवढ्याच आडवळणाने करतात.

एका नारळी पौर्णिमेला आईने त्यांना आग्रहाने जेवायला बोलावले. तांदळाची भाकरी, कालवण, तळलेले बोंबील, नारळीभात असा बेत होता. डॉक्टरसाहेब भाकरी कालवणात भिजवून, मऊ करून खात होते. आईच्या नजरेतून काही सुटत नाही. "दाक्तर, तुमाला दात हायत ना?" ती म्हणाली. मी तिला डोळ्यांनी दटावले. डॉक्टरसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, "नाहीत, बाय. कवळी आहे. मी तरुण असताना दात दुखला की काढायचा, एवढंच ठाऊक होतं. एक एक करत माझे सगळे काढले. चावताना नाही, सोडताना दुखतं, असं मीही सांगत होतो. ऐकणारं कुणी नव्हतं."

आईने त्यांच्या पानातली भाकरी उचलली, स्वतःच्या हाताने कुस्करली आणि वर नारळाचे दूध घातले. त्या दिवसापासून तिच्या लेखी डॉक्टरसाहेब घरचे झाले. आणि मला कळले की, त्या दिवशी दवाखान्यात त्यांनी 'पुन्हा सांगा' म्हटले ते नुसते आईला म्हटले नव्हते.

डॉक्टरसाहेबांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. माझ्या आईला तिची भाकरी, तिची जाळी आणि तिचे तोंड त्यांनी परत दिले. या तिसऱ्या देणगीबद्दल आळीत दुमत असले तरी मी आयुष्यभर त्यांच्या ऋणात आहे. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हे लिहायला बसलो तेव्हा मी आईला विचारले, तुझ्या वतीने काय लिहू? ती जाळ्यावरून मान वर न काढता म्हणाली, "लिही, दाक्तर, तुमी खणखणीत ऱ्हा, शंभर वर्सं जगा. चावायचं आमी बघतो."

यापेक्षा चांगले अभीष्टचिंतन मला सुचत नाही.