हवालदारीणबाई आल्या की थांबणारं इंजिन

मावशीचा मूळ धंदा कानाची मशीन दुरुस्त करण्याचा. ऐकू न येणाऱ्या माणसांवर ओरडून ओरडून तिचा आवाज असा तयार झाला होता की ती कुजबुजली तरी शेजारची कुत्री उठून बसत. खेळण्यातल्या रेल्वेची इंजिनं तिच्याकडे कशी यायला लागली ते तिलाही नीटसं आठवत नव्हतं. साधी चावीची नव्हेत, डिजिटल. रुळांतून वीज वाहते, त्याच विजेतून हुकूम जातात, आणि इंजिनाच्या पोटातली नखाएवढी चिप आपल्या नंबरचा हुकूम ओळखून चालू पडते. चिप काय, मशीन काय, मावशीला दोन्ही सारखीच. लोक टॉवेलात गुंडाळून इंजिनं आणत आणि "सकाळपासून जरा मलूल आहे हो" असं सांगत.

एक दिवस बँडमास्तर आले. लग्नांत बँड वाजवणारा हा धिप्पाड माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, इंजिन उत्तम चालतं. फक्त आमची ही खोलीत आली की थांबतं."

"ही म्हणजे?"

"बायको. ट्रॅफिक हवालदार आहे."

मावशी हसली नाही. हसायचं सगळं तिने मास्तर गेल्यावर हसून घेतलं. इंजिन तिच्या टेबलावर शहाण्यासारखं फिरलं. तिने चाकं पुसली, त्यांतून मांजराचे केस काढले, चिप कोरी करून नंबर पुन्हा दिला. मास्तर ते घरी घेऊन गेले आणि संध्याकाळीच त्यांचा फोन आला, "ती आली, आणि थांबलं."

मग मावशी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्या घरी गेली. मागच्या खोलीत भलंमोठं दोन फळ्यांचं टेबल, त्यावर रूळ, बोगदा, स्टेशन. मास्तरांनी कंट्रोलर फिरवला, इंजिन शिट्टी मारत निघालं. तेवढ्यात ड्यूटीवरून आलेल्या हवालदारीणबाई दारात उभ्या राहिल्या. इंजिनाचे दिवे विझले. शिट्टी अर्ध्यावर तुटली.

"बघा!" मास्तर म्हणाले.

"आता मी काय केलं?" बाई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण थोडी ऐटही होती. आयुष्यभर चौकात हात दाखवून गाड्या थांबवल्या, आता हात दाखवायचीही गरज उरली नव्हती!

मावशी चक्रावली. तिने नवी चिप बसवली. इंजिन थांबलं. तिला बाईंच्या वायरलेस सेटचा संशय आला. तो बाहेर ठेवायला लावला. थांबलं. मग पट्टा, टोपी, शिट्टी, बूट एकेक करून दाराबाहेर गेले. अनवाणी, केस मोकळे सोडलेल्या बाई आत आल्या, तरी थांबलं. शेवटी मावशी हट्टाला पेटली. "बाई, पाठ करून या."

बाई उलट्या पावलांनी आत आल्या. इंजिन झुकझुक चालत राहिलं.

"म्हणजे नजर!" मास्तर ओरडले. "मी म्हणत नव्हतो?"

"म्हणजे मी चेटकीण?" बाई गर्रकन वळल्या. इंजिन थांबलं.

मावशीच्या हातातला स्क्रू गळून पडला. ती मुकाट्याने टेबलाखाली शिरली. स्क्रू काही सापडेना. वर भांडण रंगात आलं होतं, आणि तिच्या डोक्यावरची फळी कुरकुरत होती. मावशीने मान वर केली. दोन फळ्यांच्या सांध्यापाशी रुळांना वीज देणारी वायर होती, वाकलेल्या फळीमुळे तिचं टोक रुळापासून सुटलं होतं. थोड्या वेळाने फळी सरळ झाली, तसं ते टोक पुन्हा रुळाला टेकलं. वर इंजिनाने शिट्टी मारली.

"बाई, बाहेर जाऊन परत या," मावशी टेबलाखालूनच म्हणाली.

बाई आत आल्या, त्याच क्षणी मास्तरांचं सगळं अंग कोपरासकट टेबलावर रेललं. फळी वाकली. वायर सुटली.

"मास्तर, तुम्ही रेलता का?"

"कुठे? मी तर सहज उभा आहे."

"सहज उभं राहण्यासाठी एवढा जोर लागतो?"

मास्तरांनी कोपराकडे असं पाहिलं की जणू ते परक्याचं होतं. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, मी आले की तुम्ही असे का वाकता?"

"तू म्हणशील, काय हा पोरखेळ... म्हणून जरा झाकायला बघतो."

"मी कधी म्हटलं?"

मास्तर आठवू लागले. बाई एकदाही तसं म्हणाल्या नव्हत्या.

मावशीने डाग देऊन वायर रुळाला पक्की जोडली, फळीला आधार ठोकला, आणि नवरा-बायको खुर्च्या ओढून शेजारी शेजारी बसलेले पाहून ती चहा न घेताच निघाली. पुढे त्या घरून एकच तक्रार आली: बाई स्टेशनात गाडीला विनाकारण ताटकळत ठेवतात. ती मावशीने आपल्या अखत्यारीबाहेरची ठरवली.

तेव्हापासून मात्र कुणीही टॉवेल उलगडला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: घरात कोण कोण असतं, आणि तुमचं कुणाकुणाशी पटतं? एका गिऱ्हाइकाने शेवटी वैतागून विचारलं, "मावशी, इंजिन दुरुस्त करताय की स्थळ बघताय?"

"आधी उत्तर द्या," मावशी म्हणाली, आणि रस्त्यापलीकडचा कुत्रा उठून बसला.